पाच फ्रँकचा धक्का

इंटरलाकेनला आमची बस थांबली तेव्हा पाऊस लागला होता. कोकणातल्यासारखा अंगावर धावून येणारा नव्हे. सरळ रेषेत, आवाज न करता, बहुधा नगरपालिकेची रीतसर परवानगी काढून पडणारा. तरी बसमधल्या बेचाळीस जणांचे चेहरे असे उतरले, की जणू ऐन मुहूर्ताला मंगल कार्यालयाची वीज गेली आहे. डोंबिवलीच्या वहिनी म्हणाल्या, "एवढे पैसे भरून पाऊसच बघायचा होता, तर बदलापूर काय वाईट होतं?" आमचा टूर मॅनेजर म्हणजे पंचविशीतला एक गोड पोरगा. बेचाळीस काका-काकूंना तो तीन देशांतून मोजत मोजत नेत होता. "काकू, उद्या ऊन आहे," तो म्हणाला, ते अशा सुरात की ऊन त्याच्या सॅकमध्येच आहे, फक्त आज वरच्या कप्प्यात ठेवलेलं नाही.

गावाच्या ऐन मध्यावर होएमाटे नावाचं मोठं हिरवं मैदान आहे. समोर युंगफ्राऊचं शिखर दिसावं म्हणून तिथे बांधकाम करायचं नाही, असं लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी ठरवलं आणि ते आजतागायत पाळलं. (एवढी जागा, तीही चौकात, आणि मोकळी! आमच्यातले एक बिल्डर काका ते बघून खरोखर अस्वस्थ झाले.) त्या मैदानाच्या कडेला आखातातलं एक कुटुंब बसलं होतं. आजोबा, दोन मुलगे, सुना, पाचसहा पोरं. छत्री एकही नाही. आजोबांनी दोन्ही तळवे पुढे धरले होते, ओंजळीत पाणी साचत होतं आणि सराफाने हातावर ठेवलेली बांगडी बघावी तसे ते त्या पाण्याकडे निरखून बघत होते. पोरं डबक्यात उड्या मारत होती आणि त्यांच्या आया ओरडत नव्हत्या. हे मुद्दाम नोंदवतो, कारण डबकं, पोर आणि गप्प बसलेली आई असा त्रिवेणी संगम मी आयुष्यात प्रथमच बघत होतो.

मला एकदम मुंबईच्या नोकरीचे दिवस आठवले. तेव्हा जून-जुलैत कुलाब्याला अरब पाहुणे यायचे ते खास पाऊस बघायला. आम्ही गमबूट घालून, लोकल बंद पडणार का या काळजीत धावायचो आणि हे लोक मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर सहकुटुंब भिजत बसायचे. त्यांना वेडं समजून आम्ही पुढे जायचो. आता इंटरलाकेनला तोच पाऊस, तेच लोक आणि वेड्यासारखे त्याच्यापासून पळणारे तेच आम्ही. फरक एवढाच, की या खेपेला आम्हीही पैसे भरले होते.

तेव्हापासून मला चाळाच लागला. एखाद्या ठिकाणी गेलो, की मी ठिकाण बघेना; तिथे आलेल्या माणसांनी घरून काय मनात धरून आणलंय, ते बघू लागलो. सौ.च्या मते हे पैसे वाया घालवणं होतं. पण स्वित्झर्लंडमध्ये जी गोष्ट फुकट मिळते तिला हात लावल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मी ठरवूनच निघालो होतो.

आधी आपल्यापासून सुरुवात करतो. निघण्यापूर्वी टूरवाल्यांनी हॉल घेऊन एक सभा भरवली होती. पडद्यावर बर्फ, गाई, तळी, पुन्हा गाई. शेवटी "काही शंका?" असं विचारलं. पहिली शंका : नाश्त्याला पोहे असतात का? दुसरी : बाथरूममध्ये मग असतो का, की आपला न्यायचा? तिसरी शंका माझी होती : बसमधल्या पुढच्या सीटा रोज फिरवून देणार ना? आल्प्सबद्दल कुणालाच शंका नव्हती. आल्प्स असणारच, पैसे भरलेत. पोह्यांचं काय, ते बोला.

घरी जे नाही ते बघायला माणूस प्रवासाला निघतो, असं म्हणतात. त्या अरब आजोबांपुरतं ते खरं असेल. आपलं तसं नाही. घरी जे आहे ते तिथेही मिळतंय ना, याची खातरजमा करायला आपण जातो. मिळालं की "अगदी घरच्यासारखं!" म्हणून खूश होतो आणि फ्रँकमध्ये झालेल्या खर्चाला शंभराहून मोठ्या आकड्याने गुणत बसतो. या गुणाकारातून आमच्यातला एकही जण सुटला नाही. सार्वजनिक स्वच्छतागृहाला दोन फ्रँक पडतात म्हटल्यावर कल्याणचे काका बाहेरच थांबले. "दोनशेच्या वर झाले. यात माझा ठाण्यापर्यंतचा महिन्याचा पास निघतो." ते पुढे दीड तास कल्याण-ठाणे या मार्गाचा विचार करत निग्रहाने बसले.

टिटलिस हा डोंगर तीन हजार मीटरच्या वर. तिथे गोल गोल फिरणाऱ्या केबलकारमधून नेतात, म्हणजे कुठल्याच बाजूच्या माणसाला "मला नीट दिसलं नाही" अशी तक्रार करता येऊ नये. (आमच्यातल्या तिघांनी केली.) वर बर्फ, दरी, क्षितिजापर्यंत शिखरं. आणि या सगळ्याकडे पाठ करून उभी असलेली एक रांग. रांगेच्या तोंडाशी पुठ्ठ्याचे शाहरूख खान आणि काजोल. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' १९९५ साली आला. मराठा मंदिरात तो किती वर्षं चालला हे मुंबईत शेंबडं पोरही सांगेल. त्या पुठ्ठ्यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढायला आम्ही वीस मिनिटं थांबलो. सौ. काजोलच्या बाजूला उभी राहिली, मी शाहरूखच्या. फोटो नीट बघितल्यावर तिच्या असं लक्षात आलं, की दोघांत पुठ्ठा कोण हे पटकन कळत नाही.

पण यातली गंमत मागे जाऊन बघावी अशी आहे. राज कपूरने १९६४ सालच्या 'संगम'साठीच इथे कॅमेरा आणला होता. तरी आपल्या निर्मात्यांचं बर्फाचं हक्काचं दुकान म्हणजे काश्मीर. ऐंशीचं दशक सरता सरता तिथे शूटिंग करणं अवघड झालं आणि यश चोप्रांनी बर्फाचं ते दुकान उचलून इथे आणलं. हिरोला स्वेटर, त्यावर जॅकेट, त्यावर मफलर. हिरॉइनला शिफॉनची साडी. बाईमाणसाला थंडी वाजत नाही, हा वैद्यकीय शोध जगात फक्त हिंदी सिनेमाने लावला. गाण्यांतून हा देश घरोघरी पोचला, आणि मग मागोमाग आपण. इंटरलाकेनवाल्यांनी याची जाण ठेवून २०१६ साली यश चोप्रांचा पुतळा उभारला. म्हणजे स्वित्झर्लंड आलं ते काश्मीरच्या बदल्यात; आणि आता काश्मीरच्या जाहिरातीत काय म्हणतात? भारताचं स्वित्झर्लंड! हिमाचलातलं खज्जियार तर मिनी स्वित्झर्लंड म्हणूनच विकतात. उसनी नेलेली वाटी अशी दोन्ही घरांत फिरत राहिली, की मूळ कुणाची होती ते शेवटी कुणालाच सांगता येत नाही.

आपण पुठ्ठ्याशेजारी फोटो काढतो म्हणून गोरे लोक आपल्याला हसत असतील, असा माझा समज होता. तो मायरिंगेन या गावात फिटला. तिथे रायशेनबाखचा धबधबा आहे. कॉनन डॉइलला शेरलॉक होम्सचा कंटाळा आला, तेव्हा १८९३ साली त्याने होम्सला या धबधब्यात ढकललं. वाचकांनी एवढा गहजब केला की दहा वर्षांनी त्याला जिवंत करावं लागलं. आता जो माणूस मुळात जन्मलाच नाही तो कुठून पडला, ती जागा तिथे पांढऱ्या चांदणीने दाखवलेली आहे. गावात त्याचा पुतळा आहे, त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. आणि लंडनहून होम्सभक्तांची मंडळी अधूनमधून व्हिक्टोरियन काळातले झगे, टोप्या घालून इथे यात्रेला येतात. एकजण होम्स होतो, एकजण त्याचा वैरी मोरिआर्टी, आणि दोघं कड्यापाशी झटापट करतात. चांगले शिकलेले, निवृत्त, पेन्शनर लोक. हे कळल्यापासून पुठ्ठ्याच्या शाहरूखबद्दलची माझी लाज साफ गेली.

खरं तर या इंग्रजांनीच हा सगळा उद्योग सुरू केला. थॉमस कुकने स्वित्झर्लंडची पहिली सहल काढली १८६३ साली. त्या सहलीतल्या जेमायमा मॉरेल नावाच्या बाईंनी डायरी लिहून ठेवली, म्हणून आपल्याला कळतं की पहाटे उठवून पळवत नेणं ही टूरवाल्यांची खोड दीडशे वर्षं जुनी आहे. तोवर इथल्या शेतकऱ्याला डोंगर म्हणजे कटकट होती. दरड येते, गाय घसरते, हिवाळ्यात वाट बंद. हे लोक एवढ्या लांबून येऊन आपल्या कटकटीवर चढतात आणि वर पैसेही देतात, हे त्याला कळेना. पण पैसे कळले. १८६५ साली एडवर्ड व्हिम्परची तुकडी मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पोचली आणि उतरताना सातांपैकी चौघं गेले. केवढा हलकल्लोळ झाला! आणि त्यानंतर पायथ्याच्या झरमॅटला गर्दी वाढली. अपघाताची जागा बघायला थांबणारी माणसं मुंबई-पुणे रस्त्यावरच असतात असं नाही.

सेंट मॉरिट्झच्या एका हॉटेलवाल्याची, योहानेस बाड्रुटची गोष्ट सांगतात ती मला फार आवडते. उन्हाळा संपला, की पाहुणे लंडनला परत जायचे आणि हॉटेल ओस पडायचं. १८६४ साली त्याने निघालेल्या चार इंग्रजांशी पैज लावली : हिवाळ्यात येऊन बघा, ऊन नाही पडलं तर जाण्यायेण्याचा खर्च माझा. ते आले आणि ईस्टर होईपर्यंत हलले नाहीत. म्हणजे बघा, अरबाला पाऊस विकला, इंग्रजाला ऊन विकलं, आणि आम्हाला पोहे. माल एकच, गिऱ्हाईक बघून बांधून द्यायचा. तुळशीबागेतला दुकानदारही यापेक्षा वेगळं काय करतो?

युंगफ्राऊला चढणाऱ्या आगगाडीबद्दल मला स्वतःला काही म्हणायचं नव्हतं. पण कल्याणच्या काकांना होतं. त्यांनी चाळीस वर्षं रेल्वेत काढलेली. संपूर्ण सहलीत ते पहिल्यांदा खिडकीची जागा मागताना दिसले. बर्फ बघायला नव्हे, बोगदा बघायला. आयगर आणि म्योंख या दोन डोंगरांच्या पोटातून सात किलोमीटरचा बोगदा. गुयर-झेलर नावाच्या उद्योगपतीच्या डोक्यातली ही कल्पना. १८९६ साली काम सुरू झालं, तीन वर्षांत तो वारला आणि १९१२ साली गाडी ३४५४ मीटरवर पोचली. रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी, गाडीखालचं चाक त्यात दात रोवत चढतं. काका आम्हाला हे सांगताना असे तल्लीन झाले होते, की बायका खिडकीतून "अय्या, बर्फ!" म्हणत होत्या तो त्यांना व्यत्यय वाटत होता. "आपला बोरघाटही अठराशे त्रेसष्टचा," ते म्हणाले. "बँकर लावून गाडी वर ढकलतो आपण. यांनी दात लावलेत. बाकी विशेष काही नाही." पण हे "विशेष काही नाही" म्हणताना त्यांचा हात खिडकीच्या चौकटीवर होता, आणि गाडीची थरथर ते बोटांनी मोजत होते. वर पोचल्यावर सगळे बर्फात धावले. काका फलाटावरच थांबले, इंजिनाच्या बाजूला. त्यांचे दोनशेच्या वर फ्रँक वसूल झाले होते. गुणाकार त्यांनी त्या दिवशी केला नाही.

वर 'बॉलिवूड' नावाच्या हॉटेलात आम्ही डाळ-भात खाल्ला. पलीकडे कोरियन पोरं आपल्या देशातल्या नूडल्सचा कागदी वाडगा दोन्ही हातांत धरून, डोळे मिटून सूप पीत होती. युरोपच्या छपरावर बसून प्रत्येकजण आपापल्या आईच्या स्वयंपाकघरात गेला होता.

कोरियन म्हटल्यावर आता धक्क्याचं सांगायलाच हवं.

तिसऱ्या दिवशी दुपार मोकळी होती. बाकीची मंडळी घड्याळं आणि चॉकलेटं घ्यायला गेली. सौ. म्हणाली, "मला इझेल्टवाल्डला जायचंय." तीस वर्षं बँकेत जर्मन सोडाच, इंग्रजी नावंसुद्धा ज्याने तिला विचारून लिहिली, त्या मला तिने हे नाव न अडखळता सांगितलं. म्हटलं, "तिथे काय आहे?" तर म्हणाली, "धक्का." मला आपला भाऊचा धक्का माहीत. माशांचा वास, रेवसची लाँच. त्यासाठी इथवर यायचं?

मग उलगडा झाला. करोनाच्या टाळेबंदीत लेकीने तिला कोरियन मालिका बघायची सवय लावली. त्यातली एक २०१९ सालची : दक्षिणेतली श्रीमंत मुलगी पॅराग्लायडर भरकटून उत्तर कोरियात पडते आणि तिथल्या लष्करी अधिकाऱ्याच्या प्रेमात पडते. हा अधिकारी पूर्वी स्वित्झर्लंडमध्ये पियानो शिकायला होता आणि ब्रिएंझच्या तळ्यावरच्या एका लाकडी धक्क्यावर बसून त्याने पियानो वाजवला. तो धक्का इथला.

बसने वीसेक मिनिटं. गाव चारपाचशे वस्तीचं. तळ्याचं पाणी निळं नव्हे, हिरवंही नव्हे. मोराच्या गळ्याला जो रंग असतो, तो. काठाला लाकडी घरं, खिडक्यांत लाल जिरेनियम. आणि धक्क्याच्या तोंडाशी, अजिबात आवाज न करता उभी असलेली रांग. मालिकेनंतर इतके लोक येऊ लागले, की गावाने २०२३ साली तिथे फिरतं फाटक बसवलं. पाच फ्रँक टाका, दांडा फिरतो, आत जा, फोटो काढा, बाहेर या.

"पाचशेच्या वर," मी म्हणालो.

"मग?" सौ. म्हणाली.

"फळ्या आहेत नुसत्या. पियानोसुद्धा ठेवलेला नाही."

"टिटलिसवर शाहरूख तरी कुठे ठेवला होता?"

यावर मला उत्तर नव्हतं. तिने पर्समधून सुट्टं पाचाचं नाणं काढलं. म्हणजे ते आधीपासून बाजूला ठेवलेलं होतं. बहुधा पुण्यापासूनच ठेवलेलं असावं. नाणं टाकलं आणि ती एकटीच आत गेली. मी काठावरून बघत होतो. टोकाशी जाऊन ती नुसती उभी राहिली. फोटो नाही, काही नाही. मग मागची कोरियन मुलगी पुढे आली आणि दोघी काहीतरी बोलू लागल्या. कुठल्या भाषेत, देव जाणे. त्या मुलीने डोळे पुसले, सौ.ने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पर्समधून लाडू काढून दिला. परत आल्यावर म्हणाली, "शेवटच्या भागाबद्दल बोलत होतो." गावातला एक म्हातारा हे सगळं होडी पुसता पुसता बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो मी ओळखला. एकादशीला पंढरपुरातला एखादा घरमालक आपल्या ओट्यावर पसरलेल्या वारकऱ्यांकडे असाच बघत असेल : लोक बरे आहेत, पण मला माझ्या दारातून आत जाऊ देतील का?

परतीच्या वाटेवर टूर मॅनेजरने "सरप्राइज" म्हणून झानेनला बस थांबवली. 'दिलवाले'तला पूल. ओढ्यावरचा छोटासा साधा पूल. त्याच्यापेक्षा मोठा आमच्या आंबील ओढ्यावर आहे. "वीस मिनिटं! काका, वीस!" त्याने बजावलं. आमची मंडळी एकामागून एक पुलावर जाऊन दोन्ही हात पसरून, मान तिरकी करून उभी राहू लागली. बिल्डर काकांचा हात खांद्याच्या वर जात नाही. त्यांनी एकाच हातावर भागवलं.

पलीकडे बाकावर एक आजीबाई बसल्या होत्या. पंच्याहत्तरी उलटलेली, पाठ मात्र काठीसारखी ताठ. मी शेजारी टेकलो. त्यांनी इंग्रजीत विचारलं, कुठले? म्हटलं, पुणे. त्या एकदम वळल्या. "पुणे? मी होते तिथे! दोन महिने! त्यानंतर पुन्हा दोनदा!"

झालं असं होतं, की व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांनी १९५४ साली बी. के. एस. अय्यंगारांना पुण्याहून शेजारच्या ग्श्टाडला आणलं होतं, योग शिकवायला. १९६१पासून पंचवीस उन्हाळे याच झानेनमध्ये मोठा तंबू ठोकून जे. कृष्णमूर्ती बोलत. जगभरचे लोक ऐकायला यायचे. या बाई तरुणपणी त्या तंबूत बसल्या, मग योगाकडे वळल्या आणि मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगार इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला थेट पुण्याला आल्या.

"शनिवारवाडा कसा वाटला?" मी विचारलं. पुणेकराला हे विचारावंच लागतं.

"तो काय आहे?"

"पर्वती? सारसबाग? सिंहगड?"

"नाही. वेळच मिळाला नाही."

"सहा महिन्यांत?"

"सकाळी वर्ग असायचा, दुपारी सराव. संध्याकाळी कोपऱ्यावर चहा. त्या चहावाल्याला मी फार आठवते... म्हणजे तो मला." मग त्यांनी उत्सुकतेने विचारलं, "तुम्ही कुठल्या साली होतात इन्स्टिट्यूटमध्ये?"

आता काय सांगणार? माझं घर तिथून दहा मिनिटांवर. चाळीस वर्षांत माझा त्या संस्थेशी संबंध एवढाच, की बाहेर झाडाची सावली आहे म्हणून मी तिथे स्कूटर लावतो. "आत कधी जाणं झालं नाही," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं, तसं मी त्यांच्याकडे शनिवारवाड्याच्या वेळी बघितलं होतं.

पुलावर आता डोंबिवलीच्या वहिनी हात पसरून उभ्या होत्या आणि खालून त्यांचे यजमान "अजून मागे! अजून!" असं ओरडत होते.

"एक विचारू?" आजीबाई म्हणाल्या. "तुमच्याकडचे लोक वर्षानुवर्षं इथे येतात आणि या पुलावर असेच उभे राहतात. छाती उघडून, हात लांब, मान किंचित तिरकी. गुरुजींनी मला हे कधी शिकवलं नाही. श्वासाचाच काही प्रकार आहे ना?"

मी सिनेमा सांगायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात टूर मॅनेजरची शिट्टी झाली.

"मी घरी करून बघते रोज," त्या म्हणाल्या. "खांद्याला फार बरं वाटतं."

"किती वेळ करता?" मी विचारलं.

"वीस मिनिटं. तुमचे लोक तेवढाच वेळ थांबतात."